रात्री किल्ली कोणाकडे?

यात्रेच्या दिवसांत निर्मळमध्ये कोणी झोपत नाही. कार्तिक वद्य एकादशी आली की मंदिराच्या वाटेने आणि तळ्याच्या काठाने दुकानं लागतात, पाळणे कुरकुरतात, कर्णे ओरडतात आणि घरोघरी पाहुणे असतात. अशा गोंगाटात यंदा आमच्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर एक प्राणी सलग सहा तास ढाराढूर झोपला होता. तो प्राणी म्हणजे माझी भाची.

ती एमडी करतेय, इमर्जन्सी मेडिसिनमध्ये. दुसरं वर्ष. आमच्या नातेवाइकांत याचं भाषांतर "कॅज्युअल्टीत असते" असं होतं, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग स्पेशालिस्ट कधी होणार?" मालाडच्या काकूंनी यावेळीही तो विचारलाच. (काकू, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. राग मानू नका.) भाची डोळे चोळत म्हणाली, "काकू, मी पहिल्या दहा मिनिटांची स्पेशालिस्ट आहे."

मला ते वाक्य आवडलं. संध्याकाळी यात्रेतली सुकेळी खात बसलो होतो तेव्हा मी विषय पुन्हा काढला. म्हटलं, "दहा मिनिटांत करता काय तुम्ही? सध्या काय शिकतेयस?"

"सोनोग्राफी."

"ती तर रेडिओलॉजिस्ट करतात ना?"

"मामा, रेडिओलॉजिस्ट निबंध लिहितात. मी फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर देते."

तिथून ती जी सुरू झाली ती रात्रीच्या जेवणापर्यंत. त्यातलं मला कळलं तेवढं लिहितो. आणि त्यावरून माझं स्वतःचं एक मत झालंय, तेही लिहितो.

अपघातातला माणूस येतो. शुद्धीत आहे, बोलतोय, वरून खरचटण्यापलीकडे काही नाही. पण नाडी जरा जोरात आहे. पोटात आत रक्तस्राव होतोय का? पोट दाबून हे प्रत्येक वेळी कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये कळतं, पण त्यासाठी माणसाला दुसऱ्या खोलीत न्यावं लागतं, आणि रक्तदाब कोसळत असलेल्या माणसाला त्या बोगद्यात घालणं धोक्याचं. अशा वेळी मशीनच खाटेजवळ आणायचं. प्रोब चार ठिकाणी टेकवायचा: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधे, डावीकडे प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्या मधे, खाली ओटीपोटात, आणि बरगड्यांच्या खालून वर हृदयाकडे. सोनोग्राफीत पातळ पदार्थ काळा दिसतो. एरवी एकमेकांना चिकटून असलेल्या दोन अवयवांच्या मधे काळी पट्टी दिसली की ते बहुधा रक्त. याला 'फास्ट' म्हणतात. आता त्यात छातीच्या दोन्ही बाजूही बघतात. सराव असलेल्या हाताला सगळं मिळून तीनचार मिनिटं लागतात.

छातीची गंमत तिने मला कागदावर काढून दाखवली. मशीनच्या एका विशिष्ट पद्धतीत निरोगी फुप्फुस बघितलं की वर सरळ आडव्या रेघा दिसतात आणि खाली कणाकणांची रवाळ जागा. पुस्तकात याला चक्क समुद्रकिनाऱ्याची खूण म्हणतात. वर लाटा, खाली वाळू. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधे हवा शिरली असेल, म्हणजे फुप्फुस भिंतीवर सरकत नसेल, तर वाळू नाहीशी होते आणि वरपासून खालपर्यंत नुसत्या रेघा राहतात, बिस्किटाच्या पुड्यावरच्या बारकोडसारख्या. कळंबचा किनारा बघत वाढलेल्या मुलीला हे लक्षात ठेवायला कितीसा वेळ लागणार!

मी म्हटलं, "मग सोपंच आहे की."

ती म्हणाली, "इथेच सगळे फसतात."

तिच्या सांगण्यावरून त्यांचं शिक्षण साधारण असं चालतं. आधी थोडं भौतिकशास्त्र. आवाज शरीरात जातो, आपटतो, परत येतो. हवेतून तो नीट जात नाही म्हणून मधे जेल लावायचं. हाड पांढरं आणि त्यामागे सावली. मग एकमेकांच्या पोटांवर सराव. "ज्युनिअर असणं म्हणजे पोटाला थंडगार जेल लावून आडवं पडणं," इति भाची. शिरेत सुई घालायचा सराव मात्र माणसावर करता येत नाही, त्यासाठी चायना ग्रासच्या घट्ट वडीत सलाइनची रबरी नळी पुरतात आणि पडद्यावर बघत त्या नळीत सुई घालतात. (आमच्या हिला चायना ग्रास फक्त पुडिंगसाठी माहीत. ती दोन मिनिटं गप्पच झाली.) त्यानंतर खरे रुग्ण, पण शेजारी सीनिअर उभा. प्रत्येक तपासणी वहीत लिहायची.

अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २००१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. एकेका प्रकारच्या तपासणीत हात बसायला २५ ते ५० तपासण्या, असा हिशोब त्यांनी धरला. आपल्याकडेही लोक तोच आकडा धरतात. पण भाची म्हणते, आकड्याने काही होत नाही. तिला खरं शिकवलं ते आठवड्याच्या बैठकीने. प्रत्येकाने साठवलेल्या चित्रफिती सगळ्यांसमोर लावायच्या, आणि त्याच रुग्णाच्या सीटीत काय निघालं, ऑपरेशनमध्ये काय सापडलं, ते शेजारी ठेवायचं. पहिल्या वर्षी एकदा तिने मूत्रपिंडाभोवतीची चरबी रक्त समजून सगळ्यांना धावायला लावलं होतं. दुसऱ्यांदा उलट झालं. पट्टी दिसली नाही म्हणून तिने "निगेटिव्ह" लिहिलं. सीनिअरने तासाभराने पुन्हा प्रोब ठेवला तेव्हा पट्टी होती. थोडं रक्त असेल तर ते दिसतच नाही, आणि पोटाच्या मागच्या भागातलं तर या तपासणीला जवळजवळ सापडतच नाही.

"आता मी 'नाही' असं लिहीत नाही मामा. 'आत्ता दिसत नाही' असं लिहिते, वेळ टाकते आणि परत बघते."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मशीन विकत घेणं सोपं. "आत्ता दिसत नाही" म्हणायला शिकायला दोन वर्षं आणि वर कोणीतरी कान धरणारा लागतो.

संशोधनाचं म्हणाल तर दोन्हीकडचं आहे. २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ज्या जखमींची अशी तपासणी झाली ते शस्त्रक्रियेपर्यंत कितीतरी लवकर पोचले. उलट २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा जखमी मुलांना तिचा विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे ही जादू नाही. कोणावर वापरायची आणि कोणावर नाही हेसुद्धा शिकावं लागतं.

ही विद्या आपल्याला इतकी परकी वाटायचं खरं तर कारण नाही. अर्नाळ्याच्या मोठ्या बोटींवर फिश फाइंडर असतो, तो हेच करतो. पाण्यात आवाज सोडायचा आणि परत आलेल्या आवाजावरून मासळीचा थवा कुठे आहे ते बघायचं. जपानमधल्या फुरुनो बंधूंनी असं यंत्र १९४८ मध्ये बाजारात आणलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींच्या सोनोग्राफीवरचा आपला गाजलेला निबंध छापला. त्यांनी सुरुवात केली ती कारखान्यात धातूच्या आतली भेग शोधायच्या यंत्रावर. एका बाईच्या पोटात पसरलेला कॅन्सर आहे, आता काही होणार नाही असं ठरलं होतं. यांच्या यंत्राने ती अंडाशयाची पाण्याची गाठ आहे असं दाखवलं, ती काढली आणि बाई वाचली. सोनोग्राफीच्या सुरुवातीलाच एका बाईचा जीव वाचलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मी भाचीला सहज म्हटलं, "आता ती खिशातली मशीन निघालीत म्हणे, मोबाइलला जोडायची. पुढच्या वेळी घेऊन ये की. माझं पोट आहेच, पाहिजे तेवढा सराव कर."

ती हसायची थांबली. "मामा, मशीन हॉस्पिटलच्या बाहेर काढलं तर मशीन सील आणि मी तुरुंगात."

आणि इथून खरा विषय सुरू होतो.

आपल्याकडे सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन सरकारदरबारी नोंदलेलं लागतं. ते हृदय बघायचं असो की डोळा. ते कोण वापरणार त्यांची नावं नोंदलेली लागतात. २०१२ च्या नियमांनुसार हलवता येण्याजोगं मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठीच वापरायचं. फिरत्या दवाखान्याला तेवढी सवलत, तीही अटींवर. गरोदर स्त्रीची तपासणी केली की फॉर्म एफ. त्यातली चूक म्हणजे नुसती कारकुनी चूक असं म्हणता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

हे सगळं का आहे ते आपल्याला, निदान महाराष्ट्रातल्यांना, माहीत असायला हवं. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, तोही मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रान उठवल्यावर. मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तो कागदावरच राहतोय म्हणून सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज न्यायालयात गेले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना जागं केलं, आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. आकडे कोरडे असतात म्हणतात. हे आकडे मला तरी कोरडे वाटत नाहीत.

आता गंमत बघा, गंमत कसली, योगायोग बघा. ज्या १९९४ साली आपल्या संसदेने हा कायदा केला त्याच साली अमेरिकेत इमर्जन्सी डॉक्टरांना सोनोग्राफी कशी शिकवावी याचा पहिला नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. तिकडे मशीन कॅज्युअल्टीत यायला लागलं तेव्हा इकडे आपण त्याला कुलूप लावत होतो. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते! आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र एमडीची शाखा म्हणून मेडिकल कौन्सिलने मान्य केली ती २००९ मध्ये. म्हणजे मशीन कोणी वापरायचं याची मूळ यादी झाली तेव्हा या शाखेचं नाव तीत असण्याचा प्रश्नच नव्हता. यादीत होते स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि सोनोग्राफीचं ठरावीक प्रशिक्षण किंवा अनुभव असलेले इतर डॉक्टर. २०१४ मध्ये साध्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी ३०० तासांच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. पण तीन वर्षं कॅज्युअल्टीतच प्रोब हातात धरणाऱ्या रेसिडेंटचं काय, याचं उत्तर हॉस्पिटलागणिक बदलतं. कुठे इमर्जन्सी विभागाचं स्वतःचं मशीन आणि नोंदणी आहे, तिथे मुलं छान तयार होतात. कुठे मशीन आहे पण रात्री कपाटात असतं. कुठे कोणी विषयच काढत नाही.

भाचीच्या विभागात मशीन आहे. पण तिथे एक अलिखित रीत आहे, जी तिने मला जरा हळू आवाजात सांगितली. पुरुष असेल तर रेसिडेंटने बिनधास्त प्रोब ठेवायचा. बाई असेल, विशेषतः वीस ते चाळीसमधली, तर आधी वर फोन करायचा. गरोदर असली तर? फॉर्म, सही, कोणाचं नाव, उद्या तपासणीला आले तर? त्यापेक्षा नकोच.

"माझ्या वहीत पुरुषांच्या तपासण्या बायकांच्या तिप्पट आहेत," ती म्हणाली. "ओटीपोटाची बाईची तपासणी मी अजून भीत भीत करते. आणि मामा, अचानक पोटात रक्त होणाऱ्या तरुण बाईला बघायला मीच तर तिथे असते."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तिची आई, म्हणजे माझी ताई, वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. पण तिचे हात थांबलेले मी बघितले.

पुढचं मी ताईला विचारून लिहितोय.

२००४ चा पावसाळा. भाची तेव्हा सात वर्षांची. ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, जेमतेम दोन महिने झाले असतील. भाऊजी तेव्हा आखातात, त्यामुळे ती आमच्याकडेच होती. आणि खरं सांगायचं तर घरात त्याआधीच एक कुजबुज सुरू झाली होती. "पहिली मुलगी आहे, तिसरा महिना संपला की एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे?" कोण म्हणालं ते लिहीत नाही, त्या व्यक्ती आता नाहीत. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरात हे बोललं गेलं, एवढं मात्र लपवणार नाही. पेढा की बर्फी असल्या खुणेच्या भाषेत उत्तर सांगणारे डॉक्टर मिळतात हेही घरात कोणालातरी माहीत होतं. ताई काही बोलली नव्हती. ती फक्त रात्री मागच्या पडवीत एकटी बसायला लागली होती.

एका रात्री तिच्या पोटात कळ आली. मग ती म्हणाली खांदा दुखतोय. आम्ही बाम चोळत बसलो! पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो हे मला वीस वर्षांनी तिच्या मुलीने सांगितलं. अकराच्या सुमारास ती मोरीत जाताना पडली. शेजाऱ्यांची ओम्नी काढली आणि पावसात निघालो.

हॉस्पिटलचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळीकडे हेच होतं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर, स्वतःच घाबरलेला. तो म्हणाला, सोनोग्राफी केली तर कळेल. मशीन दोन खोल्या पलीकडे होतं. दाराला कुलूप. दारावर पाटी, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. किल्ली सोनोग्राफीच्या डॉक्टरांकडे, आणि ते सकाळी नऊला येणार. तरुण डॉक्टर म्हणाला, किल्ली असती तरी मला हात लावायची परवानगी नाही. त्याचं चुकत नव्हतं. मी त्या बाकावर बसून ती पाटी किती वेळा वाचली असेन कोण जाणे. इतकी खरी, इतकी आवश्यक पाटी, आणि तिच्या मागे माझ्या बहिणीला लागणारं यंत्र.

वाचवलं ते एका म्हाताऱ्या सर्जननी. कोणीतरी त्यांना घरून बोलावलं. त्यांनी ताईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पोटाला हात लावला आणि सरळ सिरिंज घेऊन सुई पोटात घातली. सिरिंजमध्ये काळपट रक्त आलं. जुनी पद्धत, सोनोग्राफीच्या आधीची. नळीतला गर्भ फुटला होता. अर्ध्या तासात ऑपरेशन सुरू झालं. मी आणि ओम्नीवाला शेजारी, दोघांनी रक्त दिलं.

ताई वाचली. पण सुई चुकीच्या जागी गेली असती तर? ते सर्जन त्या रात्री गावाला गेले असते तर? आणि ती विद्या असलेले म्हातारे हात आता किती उरलेत? आजच्या तरुण डॉक्टरला पोटात आंधळी सुई घालायला कोणी शिकवत नाही, आणि शिकवूही नये, कारण त्याहून चांगलं साधन आहे. फक्त ते साधन त्याच्या हातात असायला हवं.

म्हणून या विषयात मला कोणा एकाची बाजू घेता येत नाही. माझ्या बहिणीला त्या कायद्याने वाचवलंय. "बघून घ्यायला काय हरकत" म्हणणाऱ्यांना थोडी तरी भीती होती, ती त्या कायद्याचीच. आणि माझी बहीण त्याच कायद्याच्या कुलपापायी मरता मरता वाचली. एकच बाई, एकच पावसाळा. कायदा सैल करा म्हणणाऱ्या डॉक्टरांचे लेख मी वाचतो तेव्हा मला ती कुजबुज आठवते. एक शब्दही बदलू नका म्हणणारे वाचतो तेव्हा ते कुलूप आठवतं.

माझं मत विचाराल तर असं आहे.

गर्भलिंग तपासणीवरची बंदी आणि शिक्षा यांना हात लावू नये. पण इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीत घेतलेलं सोनोग्राफीचं प्रशिक्षण सरकारने नावानिशी मान्य करावं, म्हणजे "चालतं का हो?" असं रात्री दोन वाजता कोणाला विचारावं लागणार नाही. आणि ते मान्य करताना अट घालावी, कडक अट. प्रत्येक तपासणीची चित्रफीत साठवायची, वेळ आणि नाव घालायचं, दर आठवड्याला वरिष्ठांनी ती बघायची. ही अट डॉक्टरांना जाच वाटेल. पण भाचीने सांगितलेली ती बैठक आठवा. तिला शिकवलं ते याच साठवलेल्या चित्रफितींनी! शिकवायला जी नोंद लागते तीच पहारा करायलाही लागते. कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं नोंद ठेवणारं उपकरण जोडायला लावलं, रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध हायकोर्टात गेली, आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. म्हणजे पहारा ठेवता येतो हे आपल्याच राज्याने दाखवून दिलंय. कुलूप हा त्याहून जुना आणि आळशी उपाय आहे. कुलपाला माणूस ओळखता येत नाही.

दुसरं. रेसिडेंटच्या वहीत बायकांच्या तपासण्या मोजून मागाव्यात. नळीतला गर्भ ओळखायला नव्हे, तो बारकावा रेडिओलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचाच. पोटात रक्त आहे का, आणि गर्भाशयात गर्भ दिसतोय का, एवढे दोनच प्रश्न. दिवस गेल्याची चाचणी होकारार्थी, गर्भाशय रिकामं आणि पोटात काळी पट्टी असेल तर ऑपरेशन थिएटरला फोन करायला तेवढं पुरतं. लिंग त्या आठवड्यांत सोनोग्राफीवर दिसतही नाही. मुलींसाठी केलेल्या कायद्याच्या धाकाने बायकांचीच पोटं शिकायची राहून जावीत, हे त्या कायद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांना तरी पटेल का?

तिसरं आपल्या भागाचं. इथून मुंबईला पेशंट हलवायचा म्हणजे काय ते आपल्याला कोणी सांगायला नको. हायवेची आणि घोडबंदरची कोंडी आपण सगळ्यांनी भोगलीय. त्यामुळे कोणाला लगेच हलवायचं, कोणाला आधी इथेच उघडायचं आणि कोणाला सकाळपर्यंत थांबवलं तरी चालेल, हा निर्णय इथेच व्हायला हवा. या रेसिडेंट मुलांचे दोनतीन महिने तरी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत, सीनिअर आणि मशीन यांच्यासकट गेले पाहिजेत. मोठ्या कॉलेजात चुकलं तर वरच्या मजल्यावर सीटी आहे. "आत्ता दिसत नाही, परत बघतो" याची किंमत इथे कळेल.

एक आक्षेप मला माहीत आहे. रेडिओलॉजिस्ट मित्र म्हणतात, अर्धवट शिकलेल्यांच्या हातात मशीन देणं धोक्याचं. खरंय. चुकीचं "नाही" ऐकून घरी पाठवलेला पेशंट हा न तपासलेल्या पेशंटपेक्षा वाईट. पण म्हणूनच तर मी प्रशिक्षणाचं बोलतोय, मशीन वाटपाचं नाही. आणि शिकवणार कोण? तुम्हीच ना! त्या आठवड्याच्या बैठकीला रेडिओलॉजिस्ट येऊन बसतात, असं भाची म्हणते, आणि त्यांनी दाखवलेल्या चुका ती कधी विसरत नाही.

असो. फार लांबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीला नालासोपाऱ्याला गाडीवर सोडायला निघालो. ताईने डब्यात वालाचं बिरडं दिलं, सुकेळी दिली, आणि एरवी कधी काही न विचारणारी ताई तिला म्हणाली, "तुझ्याकडे रात्री किल्ली असते ना गं?"

भाची म्हणाली, "असते आई. पण फोन करून मगच उघडते."

"मग फोन लवकर कर," ताई म्हणाली आणि आत गेली.

मंडळी, एक विनंती. तुमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात कधी गेलात, काकूंच्या बीपीसाठी का होईना, तर सहज विचारा, की रात्री दोन वाजता इथे सोनोग्राफी कोण करतं? काय उत्तर मिळालं ते खाली जरूर लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, नुसतं उत्तर पुरे.